दोनास एक : टायमिंग गिअरच्या झिजेची गोष्ट

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचे दोन डोंगरी तालुके. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला. लोकांच्या तोंडी मात्र वेल्हेच बसले आहे, म्हणून आम्हीही तेच वापरतो. इथला इतिहास म्हटले की राजगड, तोरणा, रायरेश्वर ही नावे पुढे येतात आणि ते साहजिकच आहे. पण याच डोंगरांत आणखी एक इतिहास घडला, ज्याची पाटी कुठेच लागलेली नाही. तो आहे यंत्रांचा. वरंध घाट, पाबे घाट, नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणारा रस्ता, या वाटा पावसाळ्यात चिखलाने भरायच्या तेव्हा त्यांवरून हमखास जाणारे मोटारवाहन एकच होते, ते म्हणजे जीप. पुढे डिझेलच्या जीपगाड्या आल्या, ‘वडाप’ सुरू झाले, डांबरी रस्ते झाले. पण त्याआधीची पेट्रोलवर चालणारी जीप आणि तिच्याही आधीच्या शेव्हरले-फोर्ड गाड्या यांच्या पोटात एक चाक होते, आणि त्या चाकाच्या झिजेत गेल्या तीनशे वर्षांचे गणित, रसायन आणि राजकारण दडलेले आहे. आज त्याच चाकाकडे आपण पाहणार आहोत. त्याचे नाव टायमिंग गिअर.

आधी ते करते काय, हे समजून घेऊ. पेट्रोल इंजिनाचे चार स्ट्रोक आपण नववी-दहावीच्या मुलांना शिकवतो : हवा-पेट्रोल आत घेणे, दाबणे, जाळणे, धूर बाहेर टाकणे. दट्ट्या दोनदा खाली आणि दोनदा वर जातो, म्हणजे क्रँकशाफ्ट दोन फेरे घेतो. पण या दोन फेऱ्यांत आत घेणारी झडप एकदाच उघडायची असते आणि बाहेर टाकणारीही एकदाच. झडपा उघडणारा कॅमशाफ्ट म्हणून क्रँकच्या बरोबर निम्म्या वेगाने फिरला पाहिजे. जवळजवळ निम्म्या वेगाने चालत नाही. हजार फेऱ्यांत एका फेऱ्याचा फरक पडला तरी इंजिन अर्ध्या मिनिटात बंद पडेल. पट्टा घसरतो, म्हणून साध्या पट्ट्याने हे जमत नाही, दातच हवेत. क्रँकवर लहान चाक, कॅमवर दुप्पट दातांचे मोठे चाक, झाले दोनास एक.

निकोलाउस ओटोने १८७६ साली चार स्ट्रोकचे इंजिन प्रत्यक्ष चालवून दाखवले, तेव्हा हा निम्मा वेग त्याने इंजिनाच्या कडेने जाणाऱ्या एका आडव्या दांड्याला तिरप्या दातांच्या चाकांनी दिला होता. चार स्ट्रोकची कल्पना त्याच्याआधी, १८६२ मध्ये, फ्रान्समध्ये बो द रोशाने कागदावर मांडली होती. कागदावर दांडा फिरवावा लागत नाही, ही त्याची सोय. सुरुवातीच्या मोटारींत आत घेणारी झडप दट्ट्याच्या शोषणानेच उघडायची आणि फक्त धुराची झडप कॅमने उघडावी लागे. द दियाँ-बूताँच्या लहान इंजिनांत अशीच योजना होती. वेग वाढू लागला तसे शोषणावर भागेना. दोन्ही झडपा कॅमवर आल्या आणि टायमिंग गिअरवरचा भार वाढला.

आता एक प्रश्न. झिजलेला टायमिंग गिअर बदलायचा तो कशासाठी? ‘झिजेमुळे टायमिंग हलते म्हणून’ असे उत्तर बहुतेक जण देतील, काही पुस्तकेही देतात. आकडे मांडून पाहू. समजा कॅमवरच्या चाकाला ५० दात आहेत आणि दातांच्या मध्यावरून मोजलेला व्यास १२७ मिलिमीटर आहे. परीघ झाला सुमारे ३९९ मिलिमीटर. दातांतला मोकळा खेळ झिजून ०.४ मिलिमीटर झाला, म्हणजे बराच झाला, असे धरू. तरी कॅम मागे पडेल तो फक्त ०.३६ अंशाने. क्रँकच्या भाषेत त्याच्या दुप्पट, ०.७२ अंश. आता हे कशाशी ताडायचे? जीपच्या विलीस इंजिनाच्या माहितीपुस्तिकेत आकडे असे आहेत : आत घेणारी झडप दट्ट्या वर पोचण्याआधी ९ अंशांवर उघडते आणि तो खाली पोचून गेल्यावर ५० अंशांनी मिटते; धुराची झडप दट्ट्या खाली पोचण्याआधी ४७ अंशांवर उघडते आणि वर पोचून गेल्यावर १२ अंशांनी मिटते. म्हणजे दोन्ही झडपा २३९ अंश उघड्या राहतात, आणि त्यातले २१ अंश दोन्ही एकदमच उघड्या असतात. (मुलांना वर्तुळ काढून हे अंश रंगवायला सांगा, चार स्ट्रोक म्हणजे चार समान पाव तुकडे, हा समज आपोआप गळून पडतो.) या २३९ अंशांपुढे पाऊण अंश म्हणजे काहीच नाही. चालकाला तो कळणारसुद्धा नाही.

मग बदलायचा कशाला? तर आवाजासाठी, आणि आवाज ज्याची सूचना देतो त्या मोडतोडीसाठी.

कॅमचा उंचवटा झडपेची स्प्रिंग दाबत वर चढतो तेव्हा कॅमशाफ्ट फिरायला विरोध करतो. क्रँकचा दात त्याला ढकलत असतो. उंचवट्याचे टोक पार झाले की चित्र उलटते. दाबलेली स्प्रिंग आता सुटताना कॅमलाच पुढे ढकलते, कॅमचे चाक क्रोँकच्या पुढे धावू पाहते आणि त्याचा दात समोरच्या दाताच्या दुसऱ्या अंगावर जाऊन आदळतो. चार सिलिंडरच्या इंजिनात आठ झडपा. कॅमच्या एका फेऱ्यात ही ढकलाढकल पुन्हा पुन्हा होते. मधला मोकळा खेळ कमी असेल तर आदळणे नुसते टेकणे असते. खेळ वाढला की ते हातोड्याचे घाव होतात. इंजिन संथ चालू असताना पुढच्या बाजूने येणारी कटकट ती हीच. गॅरेजातला मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक टायमिंगच्या झाकणावर टेकवून मुठीला कान लावतो, तो याच घावांचा माग काढण्यासाठी. डॉक्टरच्या नळीइतकेच ते शास्त्रशुद्ध आहे : धातूतून आवाज हवेपेक्षा चांगला पोचतो आणि कुठून येतो तेही उमगते.

इथे दोनास एक या गुणोत्तराची एक खोडी सांगितली पाहिजे, कारण ती पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही. पाणचक्क्या आणि पवनचक्क्या बांधणाऱ्या जुन्या युरोपीय कारागिरांना एक युक्ती ठाऊक होती. मोठ्या चाकाला ते मुद्दाम एक दात जास्त ठेवत. लहान चाकाला २५ आणि मोठ्याला ५० ऐवजी ५१ दात ठेवले, तर लहान चाकाचा प्रत्येक दात हळूहळू मोठ्या चाकाच्या प्रत्येक दाताला भेटून येतो. एखाद्या दातात दोष असला तर तो सर्वांत वाटला जातो आणि झीज सारखी होते. असा जादा दात ‘शिकारी दात’ म्हणून ओळखला जाई. टायमिंग गिअरला ही चैन परवडत नाही. गुणोत्तर नेमके दोनच हवे, तेव्हा क्रँकच्या पहिल्या दाताला कॅमच्या चाकाचा पहिला आणि सव्विसावा दात, एवढेच दोघे जन्मभर भेटणार. आणि उंचवटेही त्याच चाकाबरोबर फिरत असल्यामुळे मोठा धक्का नेहमी त्याच त्याच दातांवर बसणार. म्हणून झीज एकसारखी नसते. एका जागी फीलर गेज सरकवून ‘ठीक आहे’ म्हणणारा फसतो. जाणता मिस्त्री हँडलने इंजिन थोडे थोडे फिरवत चार-सहा ठिकाणी खेळ पाहतो. त्याला हे गणित कोणी शिकवलेले असेलच असे नाही, पण गणिताचे उत्तर त्याच्या हातात असते.

दातांच्या आकाराची गोष्ट तर याहून जुनी. लाकडी खुंट्या एकमेकींत अडकवून फेरा वळवणे आपल्याकडे रहाटात होतेच. कापूस वेचायच्या, म्हणजे सरकी काढायच्या लाकडी चरखीत तर दोन रूळ उलट दिशांनी फिरवण्यासाठी पिळाच्या आकाराचे दात कोरलेले असत. भारतीय सुतारांचे हे काम पाहून आजही आश्चर्य वाटते. पण खुंट्यांची चाके फिरताना वेग एकसारखा राहत नाही, दात भेटताना झटका बसतो. वेग अगदी एकसारखा राहील असा दाताचा आकार कोणता, हा प्रश्न सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातल्या गणितज्ञांनी हाती घेतला. प्रकाशाचा वेग मोजणारा ओले रोमर आणि फ्रेंच गणितज्ञ ला हीर यांनी एका वर्तुळावरून दुसरे घरंगळताना तयार होणारी वक्ररेषा सुचवली. अठराव्या शतकात ऑयलरने दुसरी वाट दाखवली : गुंडाळलेला दोरा ताणून सोडवत गेलो की त्याचे टोक जी रेषा काढते, ती. तिला इन्व्होल्यूट म्हणतात. रिळाला दोरा गुंडाळा, टोकाला पेन्सिल बांधा आणि दोरा ताठ ठेवून सोडवत जा. कागदावर उमटेल ते जगातल्या बहुतेक गिअरांच्या दातांचे अंग आहे. तिचा मोठा गुण असा की दोन चाकांमधले अंतर किंचित कमीजास्त झाले तरी गुणोत्तर बिघडत नाही. बेअरिंगे झिजलेल्या इंजिनाला याहून मोठा आधार कोणता?

वक्ररेषा कागदावर मिळाली, पण लोखंडात कापायची कशी? ऑयलरनंतर जवळजवळ शंभर वर्षे हे काम कानशीने आणि डोळ्याने चालले. केंब्रिजच्या रॉबर्ट विलिसने १८४१ मध्ये यंत्ररचनेवर ग्रंथ लिहून कारखान्यांना वापरता येतील असे नियम दिले. अमेरिकेत जोसेफ ब्राउनने १८६४ मध्ये असे कटर काढले की धार लावली तरी त्याचा आकार बदलत नाही. त्यावरून आठ कटरांचा संच रूढ झाला. १२ दातांपासून सरळ पट्टीपर्यंत कोणताही गिअर त्यातल्या एखाद्याने कापता येतो, थोडीशी चूक पदरात घेऊन. १८९७ च्या सुमारास जर्मनीत फाउटरने आणि अमेरिकेत फेलोजने ती चूकही काढून टाकणारी यंत्रे आणली. मोटारगाडीचा धंदा नेमका त्याच वेळी उभा राहत होता. हा योगायोग नसता तर फोर्डचे मॉडेल टी दीड कोटींच्या संख्येने निघाले नसते.

पण लोखंडाचे दात लोखंडावर आपटले की आवाज होणारच. हा त्रास गिरण्यांनाही होता. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बिडाच्या मोठ्या चाकात खाचा ठेवून त्यांत कठीण लाकडाचे दात ठोकत. लाकूड बिडावर फिरले की घरघर कमी होई आणि एखादा दात मोडला तर तेवढाच बदलता येई. पुढे कच्चे चामडे दाबून त्याचेही गिअर निघाले. मोटारीत मात्र गरम तेल असते. त्यात चामडे टिकत नाही, लाकूड फुगते.

उत्तर रसायनशाळेतून आले. लिओ बेकलंडने फिनॉल आणि फॉर्मल्डिहाइड यांपासून बनवलेले बेकलाइट १९०९ मध्ये जाहीर केले. एकदा घट्ट झाले की उष्णतेने पुन्हा न वितळणारे हे पहिले पूर्ण कृत्रिम प्लास्टिक. नुसते बेकलाइट ठिसूळ असते, पण कापडाचे थर त्यात भिजवून, एकावर एक रचून, दाबून भाजले की लाकडासारखे कापता येणारे आणि धातूला टक्कर देणारे पदार्थ तयार होतात. वेस्टिंगहाउस सोडून निघालेल्या दोन तंत्रज्ञांनी १९१३ मध्ये फॉर्मिका कंपनी काढली ती टेबलांसाठी नव्हे, विजेच्या उपकरणांत अभ्रकाऐवजी वापरायच्या वस्तूंसाठी. आणि १९२० च्या दशकात मोटारींचे टायमिंग गिअर हाही तिचा धंदा होता. फोर्डच्या मॉडेल ए गाडीत आणि शेव्हरलेच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात कॅमचा गिअर असाच कापड-बेकलाइटचा असे. आपल्याकडे गॅरेजात त्याला ‘फायबरचा गिअर’ म्हणतात. जुना तुटका तुकडा मिळाला तर भिंगाखाली धरून पाहा, कापडाची वीण स्पष्ट दिसते. कापड आणि कृत्रिम पदार्थ यांचा संसार भोरला अपरिचित नाही, हे जाता जाता सांगायला हरकत नाही. संस्थानी काळात सुरू झालेली भोर इंडस्ट्रीज ही कंपनी प्लास्टिकचा थर दिलेले कापड बनवण्याबद्दलच ओळखली जाई.

फायबरचा गिअर शांत चालतो, लोखंडी सोबत्याला झिजवत नाही, आणि बहुतेक वेळा दात तिरपे असल्यामुळे एक दात सुटण्याआधी दुसरा पकडलेला असतो. पण त्याचा शेवट वाईट. वर्षानुवर्षे गरम तेलात राहून तो सुकतो, चिरतो, आणि एके दिवशी घाटात पाच-सात दात एकदम सोलून निघतात. कॅम थांबतो. डिस्ट्रिब्युटरही कॅमच्याच जोरावर फिरतो, तेव्हा ठिणगीही थांबते. चालकाला आधी काही सूचना मिळालेलीच नसते, कारण ज्या शांततेसाठी हा गिअर बसवला, तिनेच कटकट लपवलेली असते. जीपसारख्या जुन्या इंजिनांत निदान एक दया होती. ज्यांच्या झडपा दट्ट्याच्या डोक्यावर नसून बाजूला असत, त्यांत कॅम थांबला तरी दट्ट्या झडपेवर आपटत नसे. नव्या इंजिनांत बहुधा अशी सूट नाही.

जीपचेच उदाहरण पुढे नेऊ. महायुद्धातल्या विलीस जीपला क्रँक ते कॅम साखळी होती. युद्ध संपल्यावर नागरी वापराच्या जीपमध्ये तिच्या जागी गिअर आले, क्रँकवर पोलादी आणि कॅमवर पोलादी तुंब्याचा फायबरचा. महिंद्र कंपनीने १९४९ मध्ये माझगावला जीपची जोडणी सुरू केली आणि पुढे या गाड्या इथेच बनू लागल्या. आपल्याकडे दीर्घकाळ चाललेल्या उंच बॉनेटच्या जीपमध्ये २१९९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. आत घेणारी झडप डोक्यावर आणि धुराची बाजूला, अशी त्याची मिश्र रचना. बॉनेट उंच का, याचे उत्तर त्या डोक्यावरच्या झडपांत आहे.

गिअर बदलण्याचे काम ऐकायला सोपे आहे. पाणी काढायचे, रेडिएटर उतरवायचा, पंख्याचा पट्टा काढायचा, क्रँकच्या पुढचा, हँडल अडकते तो मोठा नट सोडवून पुली ओढून घ्यायची, झाकण उघडायचे. आता दोन्ही चाके समोर दिसतात आणि दोघांवर एकेक खूण कोरलेली असते. जुना गिअर काढण्याआधी इंजिन फिरवून या खुणा समोरासमोर आणायच्या. एका फेऱ्यात जमले नाही तर घाबरायचे कारण नाही. क्रँकची खूण दर फेऱ्याला वर येते, कॅमची एकाआड एक फेऱ्याला, म्हणून भेट दोन फेऱ्यांतून एकदाच. मग पुलर लावून गिअर ओढायचा, चावी आणि तिची खाच तपासायची, नवा गिअर खुणा जुळवून बसवायचा. हातोड्याने ठोकायचा नाही, फायबर आतून चिरते आणि दिसत नाही. गिअरांवर तेलाची बारीक धार सोडणारे छिद्र तारेने साफ करायचे. हे विसरले की नवा गिअरही लवकर जातो. आणि जुन्याचे दात सोलले असतील तर चेंबर खोलल्याशिवाय काम पुरे होत नाही, कारण ते तुकडे तेलात पडून पंपाच्या जाळीवर बसलेले असतात. गिअर बदलून घेतलेले इंजिन आठ दिवसांत बेअरिंगे जळून परत येते, ते या आळसामुळे.

खूण एका दाताने चुकली तर? ५० दातांच्या चाकाचा एक दात म्हणजे कॅमचे ७.२ अंश, क्रँकचे १४.४. वर दिलेल्या आकड्यांत हे मिळवून पाहा. कॅम मागे राहिला तर आत घेणारी झडप आता दट्ट्या वर पोचून गेल्यावर ५.४ अंशांनी उघडेल, धुराची २६.४ अंशांपर्यंत उघडी राहील. इंजिन चालेल, पण घाट चढणार नाही. झिजेचा पाऊण अंश आणि चुकीचे चौदा अंश यांची तुलना केली की, गिअर बदलताना काळजी कशाची घ्यायची हे आपोआप कळते.

शेव्हरलेत मात्र हे काम फार मोठे. तिथे कॅमचा गिअर दांड्यावर दाबून बसवलेला असतो, म्हणून नीट करायचे तर अख्खा कॅमशाफ्टच पुढे ओढून बाहेर काढावा लागतो. त्यासाठी झडपांच्या सगळ्या काड्या, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, पुढची जाळी काढा. एका चाकासाठी निम्मी गाडी जमिनीवर.

आता राजकारण. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शेव्हरले गाड्यांची जोडणी सुरू केली होती, फोर्डची भारतीय कंपनी १९२६ ची. सुटे भाग समुद्रमार्गे येत. संस्थानिकांच्या, वकील-डॉक्टरांच्या, सर्व्हिस मोटारवाल्यांच्या गाड्या दख्खनभर यांच्याच. मार्च १९४८ मध्ये भोरसह दक्षिणेतली संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. पाठोपाठ, १९५३ मध्ये, टॅरिफ कमिशनने शिफारस केली की, ज्यांना हळूहळू सगळी गाडी इथेच बनवायची आहे त्यांनाच परवानगी राहावी. नुसती जोडणी करणाऱ्यांना नको. फोर्ड आणि जनरल मोटर्स १९५३-५४ मध्ये निघून गेल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियरसारख्या कंपन्यांना त्यामुळे जागा मिळाली. आमच्या मते हा निर्णय त्या काळी योग्यच होता. त्याशिवाय पुणे-चिंचवड-भोसरीचे यंत्रशहर उभे राहिले नसते. पण त्याची किंमत जुन्या गाड्यांनी चुकवली. पंधरा-वीस वर्षे जुन्या शेव्हरलेचा गिअर गेला की पेटीतून नवा काढणे संपले. तो बनवून घ्यायचा.

आणि बनवून घ्यायचा म्हणजे पुन्हा गणित. अमेरिकन गिअर इंचात असतो. दातांची संख्या अधिक दोन, भागिले बाहेरचा व्यास इंचात, म्हणजे दर इंच व्यासामागे किती दात हे निघते. वरच्या आपल्या ५० दातांच्या चाकाचा बाहेरचा व्यास ५.२ इंच असेल तर ५२ भागिले ५.२, म्हणजे १०. भारतात वजनमापांचा दशमान कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५८ ते १९६२ या काळात तो टप्प्याटप्प्याने लागू झाला. नंतरच्या कारखान्यांत कटर आले ते मेट्रिक, मॉड्यूलचे. मॉड्यूल म्हणजे एका दातामागे किती मिलिमीटर व्यास. १० चा अर्थ २५.४ भागिले १०, म्हणजे मॉड्यूल २.५४. बाजारात मिळतो २.५. फरक दीड टक्का. चालवून घ्यावा का?

बघू. क्रँकचे २५ दात, कॅमचे ५०. दोन्ही चाकांच्या मध्यांतले अंतर इंजिनाच्या बिडात कायमचे ठरलेले, ९५.२५ मिलिमीटर. २.५ मॉड्यूलने दोन्ही चाके सरळ दातांची कापली तर ती ९३.७५ मिलिमीटरवर नीट भेटतील. म्हणजे दीड मिलिमीटरची फट. दातांची एकमेकांत शिरणारी उंची सारी पाच मिलिमीटर. त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. असा गिअर पहिल्या दिवसापासून कटकटणार. फक्त मोठे चाक मेट्रिक आणि लहान मूळचे इंचाचे ठेवले तर दातांची चालच जुळत नाही, ते आणखी वाईट.

पण तिरप्या दातांत एक पळवाट आहे, आणि वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांना ती पाहण्यासारखी वाटेल. दात तिरपे कापले की चाकाचा व्यास कटरच्या मॉड्यूलला तिरपेपणाच्या कोज्याने भागून येतो. आपल्याला २.५ चे २.५४ करायचे आहेत. म्हणजे कोज्या हवी २.५ भागिले २.५४, ०.९८४. कोन येतो १० अंशांहून थोडा जास्त. दोन्ही चाके या कोनात, एक उजव्या पिळाचे आणि दुसरे डाव्या, कापली की मेट्रिक कटरने केलेली जोडी इंचाच्या इंजिनात बरोबर बसते. त्रिकोणमिती कशाला शिकायची, असे विचारणाऱ्या मुलासाठी आमच्याकडे याहून चांगले उत्तर नाही. अट एकच : जोडी बदलावी लागते, एकटे चाक नव्हे. तसेही झिजलेल्या चाकाला नवे जोडीदार देणे शहाणपणाचे नाही. झिजलेला दात इन्व्होल्यूट राहिलेला नसतो, तो नव्यालाही आपल्यासारखाच करतो.

जुन्या गाड्या सांभाळणाऱ्यांत एक वाद जुना आहे. फायबर गेला तर फायबरच बसवावा, की ॲल्युमिनियम किंवा पोलादाचा कापून घ्यावा? कोल्हापूरच्या छत्रपतींची मेबॅक दसऱ्याच्या मिरवणुकीत निघते, अशी गाडी वर्षातून थोडीच अंतरे चालते आणि मूळ रूप हेच तिचे मोल. तिथे जसे होते तसेच करावे. पण जी जीप अजून शेतावर, गडाच्या पायथ्याला, पावसात फिरते, तिच्यासाठी आमचे मत धातूच्या बाजूने आहे. धातूचा गिअर गुणगुणतो, ते खरे. पण झिजू लागला की वर्षभर आधी कटकटून सांगतो. फायबरच हवा असेल तर तो चांगला दिसत असला तरी वय पाहून बदलावा, आवाजाची वाट पाहू नये.

पुढे कंपन्यांनी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. फियाट आणि अँबॅसडर या दोन्ही गाड्यांत साखळी होती. १९८३ मध्ये मारुती ८०० आली ती दातेरी रबरी पट्टा घेऊन. असा पट्टा मोटारीत प्रथम जर्मनीच्या ग्लास कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला वापरला होता. पट्टा म्हणजे पुन्हा कापड आणि कृत्रिम पदार्थच, फक्त आता वाकणारा. तो फायबरच्या गिअरसारखाच गप्प चालतो आणि बहुधा न सांगता तुटतो, म्हणून ठरावीक किलोमीटरना तो बदला असे माहितीपुस्तिकेत छापलेले असते. घाट चढणाऱ्या ट्रकांच्या डिझेल इंजिनांत आणि शेतातल्या पाण्याच्या इंजिनांत मात्र पोलादी गिअर टिकून राहिले. त्यांच्याही चाकांवर खुणा असतात, पण मध्ये आणखी एक चाक असेल तर त्या सगळ्या एकदम जुळायला दोनपेक्षा पुष्कळ जास्त फेरे लागू शकतात. किती, हे मधल्या चाकाच्या दातांवर ठरते. क्रँकला २८, मधल्याला ४५ आणि कॅमला ५६ दात धरून लसाविने काढायला सांगितले, तर वर्गाचा एक तास चांगला जातो.